अठ्ठावीस वर्षांची काउंटी

बेलफास्टहून वायव्येला निघालं की रस्त्यावरच्या पाट्या बघत राहाव्यात. ‘लंडनडेरी’ असं लिहिलेलं असतं आणि त्यातलं ‘लंडन’ कुणीतरी रंग फासून खोडलेलं असतं. कॅथलिक, आयर्लंडवादी माणूस ‘डेरी’ म्हणणार, प्रोटेस्टंट, ब्रिटनवादी माणूस ‘लंडनडेरी’. नाव घेताच माणसाचा धर्म आणि पक्ष कळतो. नावांवरून भांडणं आपल्याला काही नवी नाहीत, त्यामुळे मला पहिल्या दिवसापासून इथे परकं वाटलं नाही.

पण या जिल्ह्याचं १६१३ पूर्वीचं नाव डेरीही नव्हतं आणि लंडनडेरीही नव्हतं. ते होतं कोलरेन. १५८५ साली इंग्रजांचा आयर्लंडमधला कारभारी, म्हणजे लॉर्ड डेप्युटी, सर जॉन पेरट याने अल्स्टरचे, म्हणजे आयर्लंडच्या उत्तरेकडच्या प्रांताचे, जिल्हे पाडले, त्यात कोलरेन काउंटी कागदावर आली आणि १६१३ मध्ये पुसली गेली. उणीपुरी २८ वर्षं. त्याआधीची चारेक शतकं तो मुलूख ओ'कॅहन घराण्याचा होता आणि लोक त्याला ओ'कॅहनांचा मुलूख असंच म्हणत.

पंचवीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला तरी मला हे नाव ठाऊक नव्हतं. लेक-जावई बेलफास्टला राहायला गेल्यावर मागच्या मे महिन्यात तिच्याकडे गेले, तिथे रिकामपणी वाचता वाचता ओ'कॅहन भेटले. लेकीला म्हटलं, जायंट्स कॉजवे राहू दे, मला ही माणसं बघायची आहेत. ती म्हणाली, “आई, ती माणसं चारशे वर्षांपूर्वी गेली.” तरीही तिने रजा टाकली.

दिवस पहिला : टलीहोग

सुरुवात कोलरेन काउंटीच्या बाहेर, शेजारच्या टिरोन काउंटीतल्या कुकस्टाउनजवळच्या टलीहोगपासून केली. गाडी खाली लावून थोडं चढायचं. वर गोल मातीचा बांध, भोवती झाडांचं कडं आणि मध्ये हिरवळ. बाकी काही नाही. लेकीने सगळीकडे नजर फिरवून माझ्याकडे पाहिलं, ती नजर मी ओळखते.

पण ही अल्स्टरच्या ओ'नील राजांच्या राज्याभिषेकाची जागा. इथे दगडी आसन होतं. त्यावर नवा ओ'नील बसायचा आणि दोन मांडलिक घराण्यांना मान असायचा, ओ'हेगन आणि ओ'कॅहन. ओ'कॅहनाचा मान म्हणजे नव्या राजाच्या डोक्यावरून जोडा फेकायचा. आपल्याकडे जोडा फेकणं म्हणजे काय ते सांगायला नको. इथे मात्र त्याशिवाय ओ'नील ‘ओ'नील’ होत नसे. मला यात मोठी गंमत वाटली. राजा मोठा खरा, पण त्याचं राजेपण मांडलिकाच्या हातून पुरं व्हायचं. हा मान आणि त्याच्या पोटातली ही गाठ ध्यानात ठेवली, तर पुढचं सगळं समजतं.

१६०२ मध्ये इंग्रज सेनापती माउंटजॉय इथवर आला आणि त्याने ते आसन फोडून टाकलं. किल्ला पाडण्यात लष्करी कारण असतं. दगडी खुर्ची फोडणाऱ्याला मात्र समोरच्याच्या मनात ती खुर्ची कुठे आहे ते चांगलं ठाऊक असतं.

तिथून ग्लेनशेन खिंड ओलांडून डनगिवनच्या बाजूला उतरलो. खिंडीत धुकं, दोन्हीकडे काळपट माळ आणि अंगावर रंगाचे ठिपके मारलेल्या मेंढ्या. खालच्या रो नदीच्या खोऱ्यात उतरेपर्यंत ऊन पडलं होतं. इथलं हवामान दर पंधरा मिनिटांनी मत बदलतं. मुक्काम लिमव्हॅडीत होता, तिथे पोचून झोपलो.

दिवस दुसरा : डनगिवन

सकाळी परत डनगिवन. मठाकडे जाणारी गल्ली आम्ही चुकलो. फोनने थेट एका गोठ्याच्या फाटकाशी नेऊन उभं केलं आणि पलीकडून सात-आठ गाई आमच्याकडे पाहत राहिल्या. पुढे या गाईंचं महत्त्व कळेलच.

डनगिवनचा ऑगस्टिनियन मठ आता पडका आहे. गावाबाहेर, रो नदीच्या वरच्या काठावर. त्याच्याही आधी इथे संत नेख्तनच्या नावाचा जुना मठ होता. बाराव्या शतकापर्यंत या खोऱ्यावर कियनाख्त टोळीतल्या ओ'कॉनर घराण्याचं राज्य होतं. पश्चिमेकडून आलेल्या ओ'कॅहनांनी त्यांना हटवलं. हे मुद्दाम लिहिते, कारण ‘मूळचे भूमिपुत्र’ म्हणून ओ'कॅहनांची आरती करायची इच्छा होते, आणि मग आठवतं की त्यांनीही कुणाचं तरी घर घेतलं होतं.

मठाच्या गाभाऱ्यासारख्या भागात, जाळीच्या पलीकडे, एक थडगं आहे. परंपरेने ते कूई-ना-गॉलचं मानतात. हा ओ'कॅहन प्रमुख १३८५ मध्ये वारला. नावाचा अर्थ ‘परक्यांचा कूई’, म्हणजे परक्यांशी झुंजलेला. काहींच्या मते थडगं त्याच्यानंतरचं, पंधराव्या शतकातलं आहे. वर नक्षीदार दगडी कमान, खाली चिलखतातला योद्धा आडवा. पण माझी नजर त्याच्या खालच्या पट्टीवर अडली. तिथे सहा कोनाडे आणि प्रत्येकात एकेक बुटका शिपाई, अंगात गुडघ्यापर्यंतचा जाड शिवणीचा अंगरखा. हे गॅलोग्लास, म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांवरून आलेले भाडोत्री लढवय्ये. धन्याच्या मढ्याखाली सहा जण पहारा देत उभे, तेही सहाशे वर्षं. पावसापाण्याने चेहरे गुळगुळीत झालेत, पण उभं राहण्याची ढब अजून तशीच.

जाळीला नाक लावून मी इतका वेळ उभी राहिले, की लेक बाहेर जाऊन फोनवर ऑफिसचं एक काम उरकून आली.

मठाच्या वाटेवर झाडाखाली एक खोलगट दगड आहे, त्यात पावसाचं पाणी साचतं. त्या पाण्याने चामखीळ जाते असं मानतात. चिंधी भिजवून त्या जागी फिरवायची आणि झाडाला बांधायची. चिंध्या, रिबिनी, एक मोजाही लोंबत होता. आपल्याकडे दर्ग्याच्या जाळीला दोरे बांधतात, त्याची आठवण झाली. मठ पडला, घराणं गेलं, चिंध्या मात्र ताज्या होत्या.

मठाला लागूनच सतराव्या शतकात सर एडवर्ड डॉडिंग्टन या इंग्रजाने आपलं घर बांधलं. जुन्या धन्याच्या थडग्यालगत नव्या धन्याचं स्वयंपाकघर. आता त्याचाही पायाच उरलाय.

दुपारी गावात सूप आणि सोडा ब्रेड खाल्ला आणि मुख्य रस्त्यावरून फिरलो. दुकानांच्या पाट्यांवर मला हवी असलेली नावं होती : ओ'केन, केन, मॅक्लोस्की. ओ'केन म्हणजेच ओ'कॅहन. मॅक्लोस्की म्हणजे ब्लॉस्की ओ'कॅहनचे वंशज. त्या ब्लॉस्कीच्या मुलाने ११९६ मध्ये एका राजवंशी ओ'लॉखलिनचा खून केला होता. आता त्या आडनावाच्या दुकानाच्या काचेत हिरव्या-लाल छत्र्या मांडल्या होत्या.

संध्याकाळी लेकीने विचारलं, “पण मग गेले कसे हे लोक? हरले?” हरले असते तर सोपं होतं.

डोनल बॅलख ओ'कॅहन हा शेवटचा प्रमुख. बॅलख म्हणजे चेहऱ्यावर ठिपके असलेला. त्याचा अधिपती ह्यू ओ'नील, टिरोनचा अर्ल, इंग्रजांविरुद्ध नऊ वर्षांचं युद्ध लढत होता. १६०२ मध्ये डोनल त्याला सोडून डेरीच्या इंग्रज सुभेदार डॉक्राकडे गेला. बोली अशी झाली की ओ'नील मध्ये राहणार नाही, मुलूख तो थेट राणीकडून धरील. पुढच्याच वर्षी ओ'नीलनेही शरणागती पत्करली, आणि माउंटजॉयने त्याला त्याचा सगळा मुलूख परत दिला, ओ'कॅहनांसकट. डॉक्राने दिलेला शब्द वरच्यांनी वाऱ्यावर सोडला. म्हणजे बंडखोराला बक्षीस आणि साथ देणाऱ्याला पुन्हा त्याच बंडखोराच्या दावणीला.

त्यात ओ'नील डोनलचा सासरा. मुलीचं, रोझचं, डोनलशी जमलं नाही, त्याने तिला परत पाठवलं, हुंड्याच्या वस्तूंवरून भांडण पेटलं. ओ'नीलने जावयाच्या गाई हाकून नेल्या. अल्स्टरमध्ये गाई म्हणजेच संपत्ती, खंडणीही गाईंतच मोजायची. प्रकरण १६०७ मध्ये डब्लिनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळापुढे, गेलं. तिथे लॉर्ड डेप्युटी चिचेस्टरच्या डोळ्यांदेखत ओ'नीलने डोनलच्या हातातला कागद हिसकावून फाडला. मला हा प्रसंग फार आवडतो. सगळ्या युरोपात नाव झालेला सेनानी, आणि जावयाच्या हातातला कागद ओढतोय! घरातलं आणि दरबारातलं भांडण कुठे एकमेकांत मिसळलं, ते त्यांनाही कळलं नसेल.

इंग्रजांना या भांडणात ओ'नीलला लगाम घालायची संधी दिसली. डेरीचा बिशप माँटगोमेरी आणि अॅटर्नी जनरल जॉन डेव्हिस डोनलच्या पाठीशी उभे राहिले, त्याला ‘सर’ही केलं. खटला लंडनला न्यायचं ठरलं. मग १६०७ च्या सप्टेंबरात ओ'नील जहाजात बसून कायमचा देश सोडून गेला. अर्लांचं पलायन म्हणतात ते हेच.

झालं, डोनलचा मार्ग मोकळा. आता ओ'नील नाही म्हणजे मुलूख त्याचाच. पण ओ'नील होता तोवरच डोनल इंग्रजांच्या उपयोगाचा होता. १६०८ मध्ये शेजारच्या ओ'डोहर्टीने बंड करून डेरी जाळलं. त्या धामधुमीत डोनललाही संशयावरून पकडलं आणि पुढे लंडनच्या टॉवरमध्ये ठेवलं. त्याच्यासारख्याच दुसऱ्या एका मित्रप्रमुखावर, नियाल गार्व ओ'डोनेलवर, राजद्रोहाचा खटला चालवून पाहिला, तर पंचांनी त्याला दोषी ठरवायला नकार दिला. म्हणून डोनलवर खटलाच चालवला नाही. ना शिक्षा, ना सुटका. तो तिथेच मेला. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणंही राहिलं नाही.

लेक गप्प झाली. मग म्हणाली, “म्हणजे त्याने चूक काय केली?” त्याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. मला तो गद्दार वाटत नाही. आपल्या वरचा जू काढायला निघालेला माणूस होता तो. फक्त ज्याच्याकडून काढून घ्यायचं त्यानेच दुसरा जू आणला होता.

दिवस तिसरा : लिमव्हॅडी

लिमव्हॅडीच्या नावाचा अर्थ कुत्र्याची झेप. गावालगत रो नदी खडकांतून घुमत जाते, काठाने रो व्हॅली कंट्री पार्क आहे. इथे ओ'कॅहनांचा वाडा होता. कथा अशी, की वाड्याला वेढा पडला आणि ओ'कॅहनाच्या कुत्र्याने नदीवरून झेप घेऊन डनगिवनला निरोप पोचवला, मग कुमक आली. झेप घेतली ती जागा दाखवतात. मी अंदाज घेतला. पाणी खाली काळं, उकळल्यासारखं. कुत्रा जाईलही, पण चांगला धावत आला असला पाहिजे.

वाड्याचं काहीही शिल्लक नाही. हा वाडा सर टॉमस फिलिप्स या अधिकाऱ्याला मिळाला आणि त्याने जवळच नवं गाव वसवलं, तेच आजचं लिमव्हॅडी. इथलीच एक गोष्ट सांगतात. पुढे बकिंगहॅमची डचेस या बाजूने जात असताना तिला ओ'कॅहनाच्या बायकोला बघायची इच्छा झाली. एका पडक्या घरात, खिडक्यांना पेंढा कोंबलेला, काटक्यांच्या विस्तवाशी घोंगडी पांघरून एक म्हातारी बसली होती. तीच ती. बाईला बघायला बाई गेली, आणि काय बोलल्या असतील याचा विचार करत मी दोन कप चहा संपवला.

लिमव्हॅडीच्या मातीत काय काय आहे! १८९६ मध्ये जवळच्या ब्रॉयटरला नांगरताना सोन्याचा साठा सापडला. त्यात हाताच्या पंज्याएवढ्या लांबीची सोन्याची होडी, बसायच्या फळ्या आणि दोन रांगांत नऊ-नऊ वल्ही. इसवीसनपूर्व पहिल्या शतकातली. ब्रिटिश म्युझियमने ती विकत घेतली, तर मालकीवरून लंडनला खटला उभा राहिला आणि शेवटी होडी डब्लिनला आली. ती तिथे आधीच पाहून आले होते, म्हणून इथे ओळखीची वाटली.

आणि त्या गावाची सगळ्यात प्रसिद्ध वस्तू म्हणजे एक चाल. लिमव्हॅडीच्या जेन रॉस नावाच्या बाईंनी ती टिपून घेतली आणि १८५५ मध्ये ती छापली गेली. जगभर लोक ज्या चालीवर डोळे पुसतात ती हीच. ती ओ'कॅहनांचा विलाप आहे अशीही दंतकथा आहे. पुरावा नाही, पण पुढे तिला नाव मिळालं ते ‘लंडनडेरी एअर’. ज्यांचा विलाप म्हणायचा, त्यांचा मुलूख खाऊन बसलेल्या जिल्ह्याचं नाव.

दिवस चौथा : डेरी

लेकीला परत जायचं होतं, तिने मला डेरीत सोडलं. डेरी शहर कोलरेन काउंटीत नव्हतंच, ते डोनेगलच्या बाजूचं, ओ'डोहर्टींच्या मुलखात.

मग नवी काउंटी बनली कशी? राजा जेम्सला अल्स्टरमध्ये इंग्रज आणि स्कॉट वसवायचे होते, पण पैसे नव्हते. त्याने लंडन शहराच्या व्यापारी मंडळींना गळ घातली. १२ मोठ्या व्यापारी संघांत जमीन वाटली. कापडवाले, कातडीवाले, शिवणसामानवाले असे संघ, आणि प्रत्येकाला एकेक तुकडा. डनगिवन कातडीवाल्यांकडे आलं. त्या सगळ्यांवर ‘आयरिश सोसायटी’ नावाची संस्था. हिशेब जुळावा म्हणून नकाशा शिवला : सबंध कोलरेन काउंटी, टिरोनमधल्या लखिनशॉलिन या बॅरनीचा, म्हणजे तालुक्याचा, बहुतेक भाग (तिथे घनदाट जंगल, म्हणजे लाकूड), बॅन नदीपलीकडचा अँट्रिमचा एक तुकडा आणि डोनेगलमधून डेरी. २९ मार्च १६१३ च्या सनदेने लंडनडेरी काउंटी झाली. कोलरेन नाव गेलं. त्याच वर्षी, त्याच लंडनच्या दुसऱ्या एका कंपनीला जहांगीरचं फर्मान मिळालं आणि सुरतेत वखार पडली. इथे जंगलं आणि सामन माशाचे हक्क, तिथे कापड आणि नीळ. व्यापाऱ्यांच्या वह्यांत दोन्ही गुंतवणुकीच.

वसाहतही धड झाली नाही. अटी पाळल्या नाहीत म्हणून १६३५ मध्ये राजाच्या स्टार चेंबर न्यायालयाने लंडन शहराला ७०,००० पौंड दंड ठोठावला. ओ'कॅहनांची लढण्याची खुमखुमीही लगेच गेली नव्हती. डोनलचा मुलगा रोरी १६१५ मध्ये कटाच्या आरोपावरून फाशी गेला.

डेरीच्या भिंती मात्र पाहाव्यात. १६१३ नंतर सहा वर्षांत बांधल्या, दीडेक किलोमीटर लांब, वर रुंद चालायची वाट, तोफा अजून जागच्या जागी. १६८९ मध्ये १०५ दिवसांचा वेढा या भिंतींनी झेलला. मी दोन फेऱ्या घातल्या, दुसऱ्या फेरीत पाऊस आला. गंमत म्हणजे या भिंतींची मालकी आजही त्याच आयरिश सोसायटीकडे आहे. ईस्ट इंडिया कंपनी १८७४ मध्ये विसर्जित झाली, हिची जुळी बहीण मात्र टुणटुणीत. शहरातल्या गिल्डहॉलच्या रंगीत काचांमध्ये त्या १२ संघांची चिन्हं आहेत. चांगलं काम आहे काचेचं, ते नाकारत नाही.

फॉइल कॉलेजात जॉन लॉरेन्सचा, पुढे हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झालेल्याचा, पुतळा आहे, लाहोरला उभा होता तो. लॉरेन्स इथेच शिकला. एका हातात लेखणी, दुसऱ्यात तलवार. पाहायला गेले नाही, पाय बोलत होते.

दिवस पाचवा : आगगाडी

डेरीहून बेलफास्टची गाडी पकडली. ही रेल्वे फार देखणी. डावीकडे फॉइलचा समुद्रकाठ, पुढे मॅगिलिगनची सपाट शेतं, उजवीकडे बिनेव्हनाचा कडा. त्या कड्यावरचा समुद्रदेव मॅनॅनन मॅकलिरचा पुतळा २०१५ मध्ये कुणीतरी कापून पळवला होता आणि जागेवर लाकडी क्रूस ठेवून ‘माझ्याखेरीज अन्य देव नसावेत’ असं लिहिलं होतं. पुतळा सापडला, नवा उभा केला. इथले जुने देवही पाट्यांवरच्या नावांसारखे भांडणात सापडतात.

मग डाउनहिलचे बोगदे, आणि वर कड्याच्या टोकावर बिशप हर्वीने १७८५ मध्ये बांधलेली गोल मुसेंडन इमारत. बिशपांचं वाचनालय ते, समुद्राच्या तोंडावर. हा सगळा वेळ मी डोनलच्या मुलखातून जात होते.

समोरच्या बाकावर एक आजोबा होते, कुठे जाताय म्हणून विचारलं. कोलरेन म्हटलं. ते म्हणाले, “तिथे बघण्यासारखं फार नाही.” मी म्हटलं, काउंटी बघते आहे. त्यांना कळलं नाही आणि मीही जास्त बोलले नाही. १९७३ नंतर इथल्या काउंटीही कारभारापुरत्या उरल्या नाहीत, सगळं कौन्सिलांकडे गेलंय. म्हणजे लंडनडेरी काउंटीही आता एका अर्थी जुनीच.

कोलरेनच्या अलीकडे गाडी बॅन नदीवरच्या लोखंडी पुलावर आली. काल रात्री नकाशा उलगडून मी एक गोष्ट शोधून ठेवली होती. कोलरेन काउंटीची पूर्व सीमा ही बॅन नदीच होती. कोलरेन गाव तर नदीच्या पूर्व काठाला. म्हणजे ज्या गावाचं नाव त्या काउंटीला दिलं, ते गाव काउंटीत कधी नव्हतंच. पुलाच्या मधोमध आल्यावर मी खिडकीतून मागे पाहिलं, मग पुढे. दोन्ही बाजूंना एकच गवत, एकाच जातीच्या गाई. डबा खडखडला आणि कोलरेनचं स्टेशन आलं. मी पिशवी घेऊन उतरले. पाऊस थांबला होता.